त्याच लॉटच्या गोळ्या

नेमबाजी खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांना जगाच्या बातम्या भलत्याच कारणासाठी बघायची सवय लागते. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, २०२३ च्या अखेरीची गोष्ट, तेव्हा बाकीचं घर ‘काय चाललंय हे जगात’ म्हणून हळहळत होतं आणि नवरा चहाचा कप खाली न ठेवता म्हणाला, "आता पेलेटचे डबे लटकले बघ." आणि लटकलेच की. पेलेट म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या गोळ्या, त्या घेऊन युरोपातनं येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली आणि आमच्या रेंजवरची पोरं चांगले पेलेट मॅचसाठी बाजूला काढून रोजच्या सरावाला मिळेल ते मारायला लागली.

मी कोल्हापूरची सून, माहेर हिंगणघाट. सांगायचं कारण पुढे येईल. इथे नेमबाजीचं वेड आहे हे लग्नाआधी माहीतच नव्हतं, मला कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि तांबडा-पांढरा एवढंच माहीत. दुधाळीच्या रेंजवर सराव करून तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकाराची, वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड आणलं आणि मग राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेतला टीसी, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं, ब्राँझ घेऊन आला. त्या दिवशी आमच्या गल्लीत फटाके वाजले आणि पुढच्या महिन्यात रेंजवर नाव घालायला आलेल्या पोरांची रांग लागली. आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पण माझ्या मनात लगेच आलेला दुसरा विचारही सांगते, की एवढ्या पोरांना पुरणार कुठनं?

लेक सुरुवातीला एअर रायफल मारायची, १० मीटरवर. ते त्यातल्या त्यात सोपं, म्हणजे पालकांसाठी सोपं. पॉइंट वन सेव्हन सेव्हनच्या एअर रायफलला लायसन लागत नाही, पेलेट दुकानात मिळतात, ऑनलाइनही मिळतात. साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा, चपट्या तोंडाचा शिशाचा तुकडा. आणि समोर टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेन टेकवला तर जेवढा उमटेल तेवढा! त्यामुळे पेलेटसुद्धा वाट्टेल तो चालत नाही, जर्मन किंवा चेक कंपन्यांचे लागतात, त्यातही हेड साइज ४.४९ का ४.५० यावर पोरं तासभर वाद घालतात. पण निदान ती गोष्ट पैशाने सुटते. पैसे टाका, थोडं थांबा, डबा येतो.

मग ती पॉइंट टू-टू कडे वळली, ५० मीटर, आणि आमची शाळा तिथनं सुरू झाली.

टू-टू म्हणजे खरी रायफल, खरी काडतुसं. रायफल क्लबची, गोळ्या क्लबच्या कोट्यातल्या, रजिस्टरमध्ये सही करून घ्यायच्या आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. आपण दुकानात जाऊन दोन डबे द्या हो म्हणू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ चा, नियम २०१६ चे, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गृहखात्याने खेळाडूंना वर्षाला ठेवता येणाऱ्या गोळ्यांची मर्यादा चांगली वाढवूनही दिली. कागदावर वाढवली. पण कागदावर हजारो गोळ्यांची परवानगी असणं आणि कपाटात त्या असणं यात समुद्र आहे, अगदी खराखुरा समुद्र, कारण मॅचच्या गोळ्या बाहेरनं येतात. देशात टू-टू बनते, एनसीसीच्या कॅडेटनी गवतावर पालथं पडून जी मारली असेल तीच. शॉटगनची १२ बोअरची काडतुसं तर आपल्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होतात. पण ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं, आणि प्रोनला, फायनलला हल्ली स्कोअर डेसिमलमध्ये, म्हणजे दहाला दहा धरत नाहीत, १०.१ का १०.८ ते बघतात. तिथे गोळी लागते ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या एलीची, नाहीतर जर्मनीत शोनबेकला बनणारी लापुआ किंवा एसके, नाहीतर आरडब्ल्यूएस. संपली यादी. जगभरातले झाडून सगळे नेमबाज या तीन-चार दारांशी उभे.

आणि आता मुद्दा, जो बाहेरच्या माणसाला समजावताना माझी दमछाक होते. आमच्या खेळात टंचाई म्हणजे ‘गोळी नाही’ असं फार क्वचित होतं. टंचाई म्हणजे ‘तीच गोळी नाही’.

डबा हातात घेतला की त्याच्या फ्लॅपवर बारीक अक्षरात एक नंबर छापलेला असतो, लॉट नंबर. एकाच कंपनीची, एकाच ब्रँडची, एकाच किमतीची गोळी, पण या लॉटची वेगळी आणि त्या लॉटची वेगळी. टू-टू मध्ये स्फोटक मसाला पुंगळीच्या मागच्या काठात, त्या कडेच्या पोकळीत फिरवून बसवलेला असतो, वर चिमूटभर दारू आणि मग अडीच-पावणेतीन ग्रॅमची मेणाचा हात फिरवलेली शिशाची गोळी. यातलं काहीही केसभर बदललं, मसाला, दारू, मेण, की वेग जरासा बदलतो, आणि पन्नास मीटरवर तो ‘जरासा’ म्हणजे साडेदहाचा साडेनऊ. त्यात प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. शेजारच्या लेनवरच्या मुलीला जो लॉट सोन्यासारखा जातो तोच आमच्या रायफलमधनं विस्कटतो. का, ते कुणीच धड सांगू शकत नाही. सरांना विचारलं तर सर म्हणतात, "बॅरलला विचारा."

म्हणून मग टेस्टिंग. मोठे खेळाडू रायफल घेऊन शोनबेकला किंवा बर्मिंगहॅमला कंपनीच्याच रेंजवर जातात, तिथे बॅरल शिकंज्यात आवळतात, एकामागून एक लॉट मारून बघतात, स्क्रीनवर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, दिसतो, सगळ्यात बारीक ग्रुपचा लॉट निवडतात आणि तोच हजारोंनी उचलतात. आमचं टेस्टिंग म्हणजे वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा जमवायचा, कुणाकडनं उसना, कुणाकडनं बदली, आणि लेक प्रोनमध्ये पडून दहा-दहाचे ग्रुप मारते. मी मागे खुर्चीत बसून टॅबच्या स्क्रीनवर बघते. एका रविवारी असा एक ग्रुप पडला की दहाही शॉट एकाच भोकातनं गेल्यासारखे, बाहेर भरकटलेला एकही फ्लायर नाही. तिने डोळ्यावरची पट्टी काढली, डबा उलटा करून नंबर वाचला आणि काही न बोलता तो डबा माझ्या हातात दिला. आम्ही तिथनंच डीलरला फोन लावला. तो गृहस्थ गोड बोलतो, त्याने नंबर लिहून घेतला, दहा मिनिटांनी परत फोन केला आणि म्हणाला, "मॅडम, हा लॉट संपला. दुसरा देतो ना, सेम क्वालिटी." सेम क्वालिटी हा शब्द ऐकून लेकीने जो चेहरा केला तो मी इथे लिहून दाखवू शकत नाही.

तर अशी टंचाई. दुकानात डबे आहेत, तुमच्या कामाचे नाहीत.

मला आधी वाटायचं हा आपल्याकडचा घोळ, परवाने, कस्टम, फाइल अडकली वगैरे. तो आहेच. पण हळूहळू कळत गेलं की याचा दोरा फार लांबनं ओढला जातो. माझा मामेभाऊ अमेरिकेत ओहायोत असतो, हौशी नेमबाज, रविवारी क्लबात जाऊन कागदावर भोकं पाडणारा. त्याच्याशी बोलताना कळलं की डिसेंबर २०१२ मध्ये तिकडे शाळेत ते भयंकर गोळीबार प्रकरण झालं, सँडी हुक, त्यानंतर आता कायदे कडक होणार या भीतीने लोकांनी दुकानं धुऊन काढली, आणि सगळ्यात आधी काय संपलं तर टू-टू, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपद्रवी समजली जाणारी. वॉलमार्टने माणशी तीन डब्यांची मर्यादा घातली. लोक पहाटे रांगेत. ज्यांच्याकडे बंदूकच नाही तेसुद्धा घेऊन ठेवायचे म्हणे, मिळतंय तर घ्या. आपल्याकडे मिठाची अफवा उठली की जे होतं तेच. ती टंचाई वर्षानुवर्षं रेंगाळली.

मग २०२०. इकडे आपण बाल्कनीत थाळ्या वाजवत होतो, रेंज बंद, पोरं घरात भिंतीवर ठिपका काढून नुसती होल्ड करत उभी. तिकडे अमेरिकेत बंदूक घेताना जी सरकारी तपासणी होते तिचा आकडा त्या एका वर्षात ३ कोटी ९६ लाखांच्या वर गेला, तोपर्यंतचा सगळ्यात मोठा. त्याच उन्हाळ्यात रेमिंग्टनसारखी जुनी कंपनी दिवाळखोरीत. म्हणजे मागणी आभाळाला आणि बनवणारा कोर्टात. कारखाने ठरवतात कुठली गोळी आधी बनवायची, आणि ते साहजिकच जी धडाधड खपते ती आधी बनवतात, ऑलिम्पिकच्या तयारीतल्या चार पोरांची मॅच ॲम्युनिशन नंतर.

आणि २०२२ फेब्रुवारीत युक्रेन.

याबद्दल लिहिताना मला जरा अवघडायला होतं. एकीकडे माणसं मरतायत आणि आपण आपल्या लेकीच्या सरावाच्या गोळ्यांचं रडगाणं गातोय, असं वाटतं, वाटायलाच पाहिजे. पण साखळी तीच आहे त्याला काय करणार. ज्या नाम्मो ग्रुपची लापुआ आहे तोच ग्रुप तोफांचे १५५ मिलिमीटरचे गोळेही बनवतो. युरोपियन युनियनने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलं की वर्षभरात युक्रेनला दहा लाख गोळे देऊ, आणि वर्ष संपलं तेव्हा निम्म्याच्या आसपास गेले होते. का, तर कारखाने कमी, माणसं कमी, दारू कमी. गंमत म्हणजे, गंमत कसली, पण त्याच मार्चमध्ये नाम्मोचा प्रमुख जाहीरपणे म्हणाला की नॉर्वेतला आमचा कारखाना वाढवायला वीज मिळत नाहीये, कारण जवळ टिकटॉकचं डेटा सेंटर होतंय, मांजरांच्या व्हिडिओंनी आमची वाढ अडवली. हे वाचून मी लेकीच्या हातातला मोबाइल काढून घेतला होता. म्हटलं बघ, तुझ्याच रील्सनी तुझ्या गोळ्या खाल्ल्या.

आता हिंगणघाट.

गोळी उडते ती ज्या दारूने तिला इंग्रजीत पावडर म्हणतात, आणि तिचा पाया नायट्रोसेल्युलोज. नाव अवघड, पण ते बनतं कशापासून तर कापसापासून. अख्ख्या कापसापासून नाही. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की जी सरकी उरते तिच्या अंगावर बारीक आखूड लव राहते, करडी-पांढरी, हातावर चोळली तर चिकटून बसते. तेल गाळायच्या आधी ती लव मशीनवर खरवडून काढतात, तिला लिंटर म्हणतात. ती धुवून, शुद्ध करून नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये मुरवली की नायट्रोसेल्युलोज. माझं लहानपण जिनिंगच्या आवारात गेलंय, दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग, नाकातोंडात रुई, सरकीच्या ढिगावरनं घसरगुंडी, घरी आल्यावर आई आधी अंगणात उभं करून फडक्याने झाडायची आणि मगच आत घ्यायची. फ्रॉकला चिकटलेली ती लव हीच असते, तोफेच्या गोळ्यापासनं माझ्या लेकीच्या टू-टू पर्यंत सगळ्याच्या मुळाशी, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. युरोपातले कारखानदार सांगतात की त्यांचं सत्तर टक्क्यांहून जास्त लिंटर चीनमधनं येतं, आणि मार्च २०२४ मध्ये तर युरोपियन कमिशनच्या बड्या माणसाने उघड तक्रार केली की काही महिन्यांपासनं चीनकडनं माल येणं योगायोगाने थांबलंय. योगायोगाने! अशा वेळी पावडर जी काही हाती येते ती आधी सैन्याकडे जाते. अमेरिकेत त्याच वर्षी घरी काडतुसं भरणाऱ्या हौशी लोकांच्या पावडरीच्या किमती चढल्या, मामेभाऊ फोनवर करवादला होता.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आपल्या सरकीला भाव का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भंडाऱ्याला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, आमच्याकडनं काही तासांवर, तिथे दारूगोळ्याचं हेच काम चालतं, जानेवारी २०२५ मध्ये तिथे मोठा स्फोट होऊन निदान आठ कामगार गेले. ते वाचल्यापासनं मला गोळीच्या डब्याकडे नुसती ‘खेळाचं सामान’ म्हणून बघता येत नाही. कुणीतरी कुठेतरी जीव मुठीत धरून ती भरतं.

शिशाचं आणि अँटिमनीचंही असंच. शॉटगनच्या छर्ऱ्यांत शिसं कडक करायला अँटिमनी हा धातू घालतात आणि जगातलं जवळपास निम्मं अँटिमनी चीन काढतं. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने निर्यातीवर परवाने लावले, डिसेंबरात अमेरिकेला बंदच केलं, भाव कुठल्या कुठे गेले. ट्रॅप-स्कीटवाल्या, म्हणजे शॉटगनने उडत्या तबकड्या फोडणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका, त्यांना एका राउंडला पंचवीस क्ले, म्हणजे त्या तबकड्या, आणि निदान तेवढी काडतुसंही. त्यांच्या आईबापांपुढे आम्ही टू-टूवाले स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवून घेतो.

पण हे सगळं, चीन, युक्रेन, टिकटॉक, हे सगळ्यांनाच सारखं लागू आहे ना? मग मला राग कशाचा येतो? तर टंचाई वरनं खाली येताना कुणाच्या अंगावर पडते याचा.

आपल्याकडे पद्धत अशी. नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ सालची संस्था, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष. ती परदेशातनं गोळ्या मागवते आणि राज्य संघटना, क्लब, खेळाडू यांना वाटते. नॅशनलला ठरलेला किमान स्कोअर मारला की तुम्ही ‘रिनाउंड शॉट’ होता, मग तुम्हाला स्वतःची रायफल, स्वतःच्या गोळ्या, कस्टमची सूट. त्याच्याही वर इंडिया टीम, त्यांना सरकार टेस्टिंगला परदेशात पाठवतं, त्यांचा लॉट बाजूला काढून ठेवलेला असतो. ते योग्यच आहे हो. देशासाठी मारणाऱ्याला आधी. आणि अगदी खाली जी पोरं नुकती आली ती एअर रायफलवर असतात, त्यांना फार फरक पडत नाही.

मरतं ते मधलं पोर. ज्याला टू-टूवर दोनेक वर्षं झालीत, स्टेटला बरं मारतंय, आता मावळंकरला जायचंय. (मावळंकर म्हणजे त्याच दादासाहेबांच्या नावाची ऑल इंडिया मॅच, तिथे पास झालं तर नॅशनलचं दार उघडतं.) त्याला ‘रिनाउंड’ व्हायला स्कोअर पाहिजे. स्कोअर व्हायला बॅरलला जुळणारा लॉट, आणि त्या लॉटच्या पुरेशा गोळ्या पाहिजेत. आणि तो लॉट हक्काने मागायला ‘रिनाउंड’ असायला पाहिजे. हे चक्र मी एका अधिकारी बाईंना समजावून सांगितलं, बाई फार सज्जन, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणूनच तर मुलांनी जास्त मेहनत घ्यायला हवी." आता बोला.

मेहनत घेतातच पोरं. गोळी नसेल तर ड्राय करतात, म्हणजे रिकाम्या रायफलने सगळी पोझिशन घ्यायची, श्वास सोडायचा, ट्रिगर दाबायचा, आवाज नाही, धक्का नाही, नुसतं ‘टक’. तासन् तास. बॅरलवर स्कॅट नावाचं छोटं यंत्र लावलं की लॅपटॉपवर रेषा दिसते, नेम कुठे डगमगला, ट्रिगर दाबताना कुठे सरकला. सर म्हणतात की खरा शूटर ड्रायमध्येच घडतो आणि मला ते पटतं, टंचाईने आमच्या लेकीचं ट्रिगर-काम सुधारलं हेही मान्य. (हे स्कॅट मूळचं मॉस्कोच्या कंपनीचं, म्हणजे रशिया-युक्रेनच्या भानगडीत गोळ्या मिळेनात म्हणून आम्ही ज्यावर सराव करतो ते मशीनही रशियन. नवरा हे प्रत्येक पाहुण्याला सांगतो.) पण ड्रायला एक मर्यादा आहे. रिकॉइल नसतो. टू-टूचा धक्का तो केवढासा, पण गोळी बॅरलमधनं बाहेर पडेपर्यंत शरीर स्थिर धरायचं हे खऱ्या गोळीशिवाय शिकता येत नाही. शिवाय वारा. ५० मीटर उघड्यावर असतं, झेंड्या बघून साइटला किती क्लिक द्यायचे ते नुसत्या ‘टक’ने कसं कळणार?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे मनावरचा हिशोब. सरावाला साधी गोळी, मॅचला मॅचची, हे ठीक. पण मॅचची एक गोळी म्हणजे हल्ली दोन वडापाव. थ्री पोझिशनला साठ शॉट, त्यात प्रत्येक पोझिशनचे साइटर्स, म्हणजे स्कोअरला न धरले जाणारे अंदाजाचे शॉट, धरले की ऐंशी-नव्वद गोळ्या एका मॅचला. मी लेकीला साइटर्स वाचवताना पाहिलंय. नियमाने वेळेत हवे तेवढे साइटर मारता येतात, पण ती चार मारते आणि मॅचवर जाते, कारण डब्यात किती उरलेत ते तिला पाठ असतं. पहिला शॉट ९.३. मागनं बघताना माझ्या पोटात गोळा येतो. तिला मी कितीदा सांगितलं, मार बाई, पैशाचं बघू आम्ही. तर म्हणते, "आई, पैशाचं नाही, या लॉटचे परत मिळणार नाहीत." यावर काय बोलणार.

परदेशी मॅचला कुणी गेलं की त्याच्याकडे डोळे लावून बसायचं हा एक उपाय. विमानात माणशी पाच किलोपर्यंत काडतुसं चेक-इन सामानात नेता येतात, तीही एअरलाइन हो म्हणाली आणि सगळे परवाने असले तर. एक काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर, डबे-बिबे धरून हिशोब केला तर चौदाशेच्या आसपास बसतात. ती ज्याची त्यालाच पुरत नाहीत, तो आपल्याला कशी देणार, आणि लायसनच्या नोंदीमुळे द्यायलाही येत नाहीत. तरी विचारतो आम्ही. निर्लज्जपणे विचारतो.

शेवटी आमच्याच रेंजवरच्या चार-पाच पालकांनी ठरवलं की क्लबमार्फत एकत्र ऑर्डर टाकायची. सुटे डबे नाही घ्यायचे, एकच लॉट, मोठा, आणि आधी सँपल डबे मागवून सगळ्या रायफलींवर टेस्ट. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, एका उत्साही बाबांनी त्याला नाव दिलं ‘दारूगोळा’, ते वकील असलेल्या दुसऱ्या पालकांनी अर्ध्या तासात बदलायला लावलं. पत्रं, सह्या, राज्य संघटनेचं शिफारसपत्र, पोलिसांकडे क्लबच्या कोट्याची नोंद, यात जेवढा वेळ जायचा तेवढा गेला. एका डीलरने आगाऊ पैसे घेऊन तीनदा तारीख पुढे ढकलली, त्याच्यावर एक वेगळा लेख होईल पण तो मी रागाच्या भरात लिहिणार नाही. माल आला तेव्हा जेवढा मागितला होता त्याच्या निम्माच आला. पण लॉट तोच होता, ठरलेला, फ्लॅपवरचा नंबर सगळ्यांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

आणि मग खरं भांडण सुरू झालं. निम्म्या मालाचे वाटे कसे पाडायचे? एक आई म्हणाली समान, सरळ पाच भाग. वकीलसाहेब म्हणाले ज्याचा स्कोअर जास्त त्याला जास्त, म्हणजे निदान एक तरी पोर पुढे जाईल. म्हणजे वरती जी पद्धत आहे, जिच्या नावाने आम्ही वर्षभर बोटं मोडली, तीच आमच्या पाच घरांच्या ग्रुपमध्ये येऊन बसली. त्यात लेक आणि तिची मैत्रीण दोघींनी तिसराच मुद्दा काढला, की समान वाटे केले तर कुणालाच उपयोग नाही, एका लॉटवर झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांचा मेळ, बसवायलाच डबे जातात, मग मॅचपुरतं काय उरतं? पाच जणांना अर्धवट देण्यापेक्षा दोघांना पूर्ण द्या. कुठल्या दोघांना, यावर मात्र त्या गप्प.

सरांनी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही. मग ग्रुपवर एकच मेसेज टाकला, मॅचच्या तारखेप्रमाणे नंबर लागतील, ज्याची मॅच आधी त्याला पूर्ण कोटा, पुढचा माल आला की पुढचा नंबर, स्कोअरचा संबंध नाही, ज्यांना मान्य नाही त्यांनी पैसे परत घ्यावेत. कुणीच परत घेतले नाहीत.

आमचा नंबर तिसरा आहे. पहिला लागलाय त्या मुलाने गेल्या आठवड्यात स्टँडिंगला स्वतःचा बेस्ट मारला आणि लेक त्याच्या पुंगळ्या गोळा करून मोजून देत होती, कारण मोजणी चुकली तर पुढचा कोटा अडकतो.